पेटीतले पंढरपूर

जत्रेत सैरबीनवाला आला की गावातली पोरे त्याच्या पेटीभोवती जमत. भिंगाला डोळा लावायचा, दोन्ही तळहातांनी बाजूचा उजेड अडवायचा, आणि मग दिल्लीचा कुतुबमिनार, आग्र्याचा ताजमहाल, काशीचे घाट असे एकेक दृश्य डोळ्यांसमोरून सरकत जायचे. पेटीवाला मोठ्या आवाजात त्यांचे वर्णन करी. पैसे संपले की झाकण पडे, आणि पोरगे पुन्हा आपल्या गावच्या धुळीत उभे असे. ही पेटी जत्रांतून आता जवळजवळ नाहीशी झाली. पण तिची पणती विलायतेत शिकून सवरून परत आली आहे, आणि ह्या खेपेस तिने पोरांना सोडून आजी-आजोबांना गाठले आहे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

तिचे नाव भारदस्त आहे: आभासी वास्तव. डोळ्यांवर एक खोके बांधावयाचे. आत दोन भिंगे. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, आणि मेंदू त्यांची सांगड घालून खोली निर्माण करतो. मान डावीकडे वळविली की चित्रही वळते. मागे पाहावे तर मागेही घाट, वर पाहावे तर वर आभाळ. सैरबीनला चौकट होती, हिला नाही. पाश्चात्त्य देशांतील वृद्धनिवासांत ही पेटी आज उपचार म्हणून वापरली जाते. खाटेवरून न उठणाऱ्या आजीला समुद्रकिनारा दाखवितात, विस्मरणाने ग्रासलेल्या आजोबांना त्यांच्या तारुण्यातली गल्ली दाखवितात. मन रमते, बोलणे वाढते, एकटेपणा उणावतो, असा दावा आहे.

औषध म्हणून तिचा निवाडा वैद्यकशास्त्राने करावा. पण पेटीत जे दाखवितात ते कुणीतरी निवडलेले, रचलेले, चितारलेले असते. म्हणजे ती एक कलाकृतीही आहे. आणि कलाकृती म्हटली की टीकाकाराला तिच्या दारात उभे राहण्याचा हक्क पोहोचतो. हे काय दाखविते? कुणाला दाखविते? आणि पाहणाऱ्याला त्यात किती जागा ठेवते? हे तीन प्रश्न आपण नाटकाला विचारतो, कादंबरीला विचारतो. ह्या पेटीलाही विचारू. आणि ते परभणी जिल्ह्याच्या ओट्यावर बसून विचारू. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आमचे लोक मिशीला पीळ देऊन सांगतात, तेव्हा जगाच्या कोणत्याही नवलाईची पारख इथे करावयास हरकत नसावी.

आधी कुळकथा थोडक्यात. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखविण्याची युक्ती इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी १८३८ साली मांडली. १९६२ साली अमेरिकेत मॉर्टन हायलिग ह्यांनी ‘सेन्सोरामा’ नावाच्या यंत्राचे पेटंट मिळविले. त्यात चित्राबरोबर वारा होता, वास होता, बसण्याची जागाही हालत असे. १९६८ च्या सुमारास आयव्हन सदरलँड ह्यांनी डोक्यावर बसणारे आणि मानेबरोबर चित्र बदलणारे उपकरण करून दाखविले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. पुढे यंत्र हलके झाले, स्वस्त झाले, पण एक गोष्ट वाटेत गळाली. हायलिगचा वास गेला. आजची बहुतेक पेटी डोळा आणि कान ह्यांचीच आहे. नाक आणि हात तिने बाहेर ठेवले आहेत. हे ध्यानात असू द्या, पुढे त्याचे काम पडेल.

दुसरे मूळ वैद्यकातले आहे. म्हातारी माणसे मागचेच उगाळत बसतात, हे बुद्धी ढासळल्याचे लक्षण, असे डॉक्टरही पूर्वी समजत. १९६३ साली रॉबर्ट बटलर ह्या अमेरिकन मनोवैद्याने लिहिले की हे उगाळणे निसर्गाचेच काम आहे. मनुष्य आयुष्याच्या शेवटी आपल्या सगळ्या जमाखर्चाची वही पुन्हा उघडतो, आणि त्याला ती नीट मिटू देण्यासाठी कुणी ऐकणारा हवा असतो. ह्या विचारातून आठवणींच्या आधाराने उपचार करण्याची पद्धत वाढीस लागली. जुनी छायाचित्रे, जुनी गाणी, जुनी भांडी पुढे ठेवून म्हाताऱ्यांना बोलते करावयाचे. डोळ्यांवरची पेटी ही त्याच पद्धतीची धाकटी बहीण.

गुण येतो का? अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील १७ वृद्धनिवासांत, वयाच्या ६५ पासून १०३ वर्षांपर्यंतच्या २४५ जणांना ही पेटी दाखवून पाहणी केली. जवळजवळ ८० टक्के लोकांनी मन प्रसन्न झाल्याचे सांगितले, आणि सुमारे ६० टक्के लोकांनी एकटेपणा कमी वाटल्याचे. ज्यांची दृष्टी व श्रवण फार मंदावले होते त्यांना गोडी कमी लागली. ही पाहणी यंत्र पुरविणाऱ्या कंपनीच्या साहचर्याने झाली, हे विसरू नये. पण तिला उडवून लावण्याचेही कारण नाही. पेटीचे तोटे ठाऊक आहेत. डोळा म्हणतो आपण चाललो, कान म्हणतो बसलो आहोत. त्या भांडणात पोटात ढवळते. तोल जाण्याची भीती, म्हणून बसवूनच दाखवावयाचे, आणि थोडाच वेळ. ज्याला आपण कुठे आहोत हेच उमगत नाही, त्याच्या डोळ्यांवर एकाएकी दुसरे जग बांधले तर तो घाबरूही शकतो. एवढे सांभाळले तर आनंद मिळतो. प्रश्न आहे तो आनंदाच्या जातीचा.

ह्या प्रकारातली एक विचारपूर्वक केलेली कृती घेऊ. लंडनच्या ‘द वेबॅक’ ह्या मंडळींनी विस्मरणाच्या रुग्णांसाठी लोकवर्गणीतून एक चित्रपट केला. विषय निवडला २ जून १९५३ चा: राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा दिवस, आणि त्यानिमित्त गल्लीत मांडलेली मेजवानी. नटनटी आणून, त्या काळचे कपडे-भांडी जमवून ती गल्ली पुन्हा उभी केली. पाहणारा तिच्या मधोमध बसतो. भोवती पताका, लांबच लांब टेबले, पोरांचा गलका. कल्पना उत्तम, कारण करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते की चित्रपट हे साध्य नव्हे. आजोबांनी पेटी काढल्यावर मुलीशी किंवा परिचारिकेशी बोलू लागावे, हे साध्य. समीक्षेच्या भाषेत सांगावयाचे तर ही कृती पडदा पडल्यानंतर सुरू होते.

पण तिचे यश एका गोष्टीवर उभे आहे. तो दिवस लंडनच्या बहुतेक घरांनी एकाच तोंडाने ‘आनंदाचा’ म्हणावा असा होता. आता हीच पेटी परभणीस आणा. त्याच १९५३ साली, ७ सप्टेंबर रोजी, परभणीने आपले बी. रघुनाथ गमावले, चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच हा कवी-कादंबरीकार गेला. तेव्हा ते वर्ष इथल्या साहित्यप्रेमी घरांत मेजवानीचे म्हणून नोंदलेले नाही. बरे, दुसरा दिवस निवडू. १५ ऑगस्ट १९४७? त्या दिवशी परभणी निजामाच्या राज्यात होती. तिरंगा उभारणे हा गुन्हा होता. मग १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थान शरण आले तो दिवस? आज पंच्याऐंशी-नव्वदीला टेकलेल्या माणसाला तो आठवू शकेल. पण कसा? कुणाला रझाकारांच्या धास्तीने सोडलेले गाव आठवेल, आणि मग मिरवणूक. मराठवाड्यातील कित्येक मुसलमान घरांना मात्र त्यानंतरच्या आठवड्यांतली भीतीच आठवेल. एकाच गावात, एकाच आळीत, एकच तारीख दोन खाटांवर दोन तऱ्हांनी जागी होईल. पेटी कुणाच्या बाजूने चितारावयाची?

राजकारण नको म्हणाल, तर जुना वाडा दाखवू. चौसोपी, मधे तुळस, माजघरात समई. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला शोभेल असे हे चित्र. आणि शहरातला चित्रकार हेच काढील ह्यात मला शंका वाटत नाही. पण त्या वाड्याच्या उंबऱ्याशी जिला थांबविले जाई, पाणी वरून ओंजळीत ओतले जाई, त्या गावकुसाबाहेरच्या आजीच्या डोळ्यांवर तो वाडा बांधला तर तिला कसला गुण यावा? आणि जिने १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली, मिळेल त्या सुकडीवर पोरे जगविली, तिला आपल्या तारुण्याचे चित्र म्हणून हिरवेगार शेत दाखविणे म्हणजे तिचे तारुण्य दुसऱ्याच कुणाला देऊन टाकणे होय. भूतकाळ हा सार्वजनिक बगीचा नव्हे. तो ज्याचा त्याचा आहे, आणि त्याच्या फाटकाची किल्ली ज्याच्या त्याच्याच कमरेला असते. म्हणून पहिला निष्कर्ष असा की, घाऊक स्मृती विकणारी पेटी ही वाईट कला आहे, तिची चित्रे कितीही रेखीव असोत. परभणीच्या म्हाताऱ्या माणसासाठी काही रचावयाचे असेल, त्याने वाडे चितारण्याआधी बी. रघुनाथांची पाने चाळावीत. निजामी राजवटीतल्या पिचलेल्या पांढरपेशा माणसाचा जीव कशात अडकलेला होता हे तिथे दिसेल. आणि त्या पानांत जे मावले नाही, ते त्या त्या ओट्यावर जाऊन विचारावे.

आता दुसरी बाजू. जो पंढरपूरला जाऊ शकत नाही त्याच्या डोळ्यांपुढे पंढरपूर आणणे, ही कल्पना आम्हांला परकी नाही. उलट ती आमच्याच जिल्ह्याची आहे असे म्हटले तरी चालेल. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. दळण, कांडण, शेण, पाणी ह्यांतून तिला देवळात जाऊन उभे राहण्यास सवड कुठली? तेव्हा कथा सांगते की देवच तिच्याकडे आला. पण ही कथा नीट ऐका. विठ्ठल येऊन विटेवर उभा राहिला आणि ‘जने, डोळे भरून पाहून घे’ असे म्हणाला, असे कुणी सांगत नाही. तो आला आणि जात्याचा खुंटा धरून दळू लागला. शेणी वेचू लागला. तिचे केस विंचरू लागला. देव जनीला दर्शन देण्यास आला नव्हता. हातभार लावण्यास आला होता. शतकानुशतके बायकांनी ही कथा उराशी धरली ती ह्या एका तपशिलासाठी.

पेटीची कसोटी मला ह्या कथेत सापडते. पेटी पंढरपूर आणते खरे, पण खुंटा धरते का?

ह्याचा प्रयोग नकळत साऱ्या महाराष्ट्रावर झाला आहे. २०२० च्या साथीत पायी वारी बंद राहिली. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या, आणि १ जुलैची आषाढी लाखो वारकऱ्यांनी घरात बसून पडद्यावर पाहिली. पुढच्या वर्षीही तेच. मूर्ती गर्दीत दिसते त्याहून पडद्यावर कितीतरी जवळून दिसली. कुणी रेटले नाही, कुणी ‘चला, पुढे चला’ म्हटले नाही. तरीही २०२२ साली वाट मोकळी होताच माणसे पुन्हा रस्त्यावर आली. कारण वारी ही पाहण्याची वस्तू नाही. ती शेजारच्याच्या पायी पाय टाकण्याची, एकमेकांच्या पाया पडण्याची, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकण्याची गोष्ट आहे. पेटीने मूर्ती दिली, माऊली म्हणणारा शेजारी दिला नाही. मात्र ज्याचे गुडघे कायमचे गेले, त्या वारकऱ्याला एवढी मूर्ती तरी मिळाली, हेही खरे. त्याच्या तोंडचा हा घास काढून घेण्याचा अधिकार चालत्याफिरत्या टीकाकाराला नाही.

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने वार्धक्याचा विचार पुष्कळ केला आहे, आणि तो ह्या ठिकाणी कामास येतो. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले, १९७० साली रंगभूमीवर आलेले, गणपतराव बेलवलकर हे आपली पेटी डोक्यातच घेऊन हिंडतात. भूमिकांचा केवढा दरबार त्यांच्यापाशी आहे! पण त्या दरबाराने त्यांचे दुःख भव्य केले, हलके केले नाही. थोडा विसावा मिळाला तो बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या सोबतीत. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी आठवणींनी श्रीमंत आणि माणसांनी दरिद्री आहेत, त्यांच्या घरात भूतकाळाचा तुटवडा नाही, दारावरच्या पावलांचा आहे.

सर्वांत नेमके उत्तर मला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘अस्तु’ ह्या २०१३ च्या चित्रपटात दिसते. डॉ. मोहन आगाशे ह्यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान. विस्मरणाने त्यांची सारी विद्या विसकटली आहे. रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते बालकासारखे त्याच्या मागोमाग निघून जातात. मुलगी सैरभैर होऊन शोधते. इकडे माहुताची कानडी बोलणारी बायको, अमृता सुभाष ह्यांनी रंगविलेली, त्या परक्या म्हाताऱ्याला आपले म्हणते. तो कोण होता हे तिला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याची तिला गरजही वाटत नाही. तो तिला आई म्हणतो, ती आई होते. मुलीला वडिलांचा भूतकाळ परत हवा आहे, म्हणून तिचा जीव तुटतो; माहुताच्या बायकोने त्यांचा वर्तमान पत्करला आहे, म्हणून तिथे त्यांना शांतता लाभते. कुटुंबातल्या माणसाला हे ऐकणे जड जाते, पण चित्रपट ते कुणालाही दोष न देता सांगतो. विस्मरणाच्या रुग्णाला त्याची जुनी गल्ली दाखविण्याची आपली धडपड कधी कधी त्याच्यासाठी नसते. हरवलेले वडील परत मिळावेत ह्या आपल्या हट्टासाठी असते. पेटी बांधण्यापूर्वी एवढे स्वतःला विचारावे.

यंत्राचा विरोध करावा असा ह्याचा अर्थ कुणी घेऊ नये. यंत्राचीच एक दुसरी, फार वेगळी कथा ह्या जिल्ह्यात घडली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या पुण्याच्या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. पुढे त्या ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण संग्रहात त्या सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. त्यांत पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांचा आवाज आहे. सीतेच्या वनवासाची ओवी त्या गातात तेव्हा वनवास रामायणातला राहत नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि त्या ओव्या फक्त म्हाताऱ्या बायकांच्या कंठात उरल्या. अशा वेळी एक यंत्र त्यांच्यापुढे ठेवले गेले. पण ते दाखविणारे नव्हते, ऐकणारे होते. सैरबीन म्हाताऱ्या माणसाला प्रेक्षक करते. ध्वनिमुद्रण तिला गायिका करते. पहिल्यात ती घेणारी, दुसऱ्यात देणारी. बटलर म्हणतात त्या वहीचा हिशेब मिटण्यासाठी ह्यांतले कोणते यंत्र अधिक उपयोगाचे, हे सांगावयास नको. आणि जात्याच्या खुंट्याला नुसता हात लागला तरी चार ओव्या आपसूक वर येतात. ही हाताची स्मृती डोळ्यांच्या पेटीला अजून साधलेली नाही. हायलिगच्या यंत्रातून गळालेला वास आणि बाहेर राहिलेला हात, ह्यांची उणीव भासते ती इथे.

शेवटी आपल्या घरचे. परभणी जिल्ह्यात ‘वृद्धनिवास’ म्हणून पाटी असलेल्या इमारतीपेक्षा पाटी नसलेलेच अधिक आहेत. दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, सोनपेठ, पाथरी ह्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, लहान लेकरे बरोबर जातात, आणि घरात आजी किंवा आजोबा उरतात. पट्टा पडेपर्यंत चार-पाच महिने ते घर, ती एक खाट, शेजारणीने आणून दिलेली भाकरी. सुशिक्षितांच्या घरी टोळी नसते, पुण्याची नोकरी असते. फरक एवढाच की ती पट्टा पडल्यावरही परत येत नाही. उद्या कुणी सद्गृहस्थ अशा प्रत्येक खाटेवर एकेक पेटी ठेवील, आणि समाजाला वाटेल की आपण आपले देणे फेडले. भय वाटते ते याचे. पेटी वाईट आहे म्हणून नव्हे. ती इतकी चांगली आहे की तिच्या आडून आपल्याला निसटता येईल, म्हणून.

तेव्हा माझा अभिप्राय असा. पेटी घरात येऊ द्या. खाटेला खिळलेल्या आजीला गंगाखेडचा घाट पुन्हा पाहावासा वाटत असेल तर अवश्य दाखवा. पण कोणता घाट, कोणत्या वेळचा, हे तिला विचारा. शहरातल्या दुकानाला नव्हे. ती नको म्हणाली तर तिचे नको शेवटचे माना. दाखविताना तिचा हात धरून बसा, आणि पेटी उतरल्यावर तिच्या डोळ्यांना पहिल्याने कुणाचा चेहरा दिसणार हे आधी ठरवून ठेवा. कारण ह्या कलेचा उत्तम भाग तेव्हा सुरू होतो: ती म्हणेल की घाट चुकीचा दाखविला, पायऱ्या इतक्या नव्हत्या, पिंपळ अलीकडे होता. तिला दुरुस्त्या सांगू द्या. फराळाचे ताट बाजूला सरकवून त्या शेवटपर्यंत ऐका.